'वगळणे' की 'डावलणे'? मार्टी ग्लिकमनच्या निमित्ताने

प्रश्न : मार्टी ग्लिकमन या अमेरिकी ज्यू धावपटूवर टिपण लिहीत आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याला रिले शर्यतीतून 'वगळले' असे लिहावे की 'डावलले' असे? तसेच पुढे तो रेडिओवर जे करू लागला, त्याला 'समालोचन' म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते 'डावलले' हाच शब्द येथे योग्य आहे. 'वगळणे' हे क्रियापद तटस्थ आहे. दुखापत झालेल्या किंवा सूर हरवलेल्या खेळाडूलाही संघातून वगळतात आणि त्यात कोणाला अन्याय दिसत नाही. 'डावलणे' या क्रियापदात मात्र 'डावा' दडलेला आहे, आणि ज्याचा मान किंवा हक्क आधीच ठरलेला असतो त्यालाच डावलता येते. अठरा वर्षांचा ग्लिकमन आणि सॅम स्टोलर हे अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स चमूतले दोघेच ज्यू धावपटू ४ × १०० मीटर रिलेचा सराव करत होते, परंतु प्राथमिक फेरीच्या दिवशी सकाळी, जर्मनांनी आपले उत्तम धावपटू लपवून ठेवल्याचे कारण देत, प्रशिक्षकांनी त्यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ यांना घेतले. अमेरिकेने ३९.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, दुसऱ्या आलेल्या इटलीला ४१.१ सेकंद लागले आणि जर्मनी तिसरा आला. म्हणजे ते कारण शर्यतीतच खोटे ठरले.

एक काळजी मात्र घ्यावी. 'डावलले' या शब्दाने अन्याय सांगितला जातो, त्याचे कारण नव्हे. संघात कायम राहिलेले फॉय ड्रेपर आणि फ्रँक वायकॉफ हे दोघेही सहप्रशिक्षक डीन क्रॉमवेल यांच्याच विद्यापीठाचे होते, त्यामुळे पक्षपाताचीही चर्चा झाली. ग्लिकमनने स्वतः मुख्य कारण ज्यूद्वेष हेच मानले. अमेरिकी ऑलिंपिक समितीचे प्रमुख अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांना हिटलरची नाराजी टाळायची होती, असे त्याचे ठाम मत होते. म्हणून 'ज्यू असल्यामुळे डावलले' असे कारणासह लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते. १९९८ मध्ये अमेरिकी ऑलिंपिक समितीने त्याला, आणि हयात नसलेल्या स्टोलरला, सन्मानपट्टिका दिली.

आता 'समालोचन'. या शब्दात मूळ अर्थ सर्व बाजूंनी पाहून परीक्षण करण्याचा आहे, आणि सामन्याचे विश्लेषण करणाऱ्याला तो शोभतो. ग्लिकमनचे काम निराळे होते. न्यूयॉर्कच्या निक्स (बास्केटबॉल) आणि जायंट्स (अमेरिकन फुटबॉल) संघांचे सामने तो रेडिओवरून सांगत असे, आणि बास्केटबॉलच्या मैदानाच्या प्रत्येक भागाचे नाव घेऊन चेंडू कोठे आहे हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे करत असे. त्यासाठी आपल्याकडचा 'धावते वर्णन' हाच शब्द घ्यावा.

बास्केटच्या लोखंडी कड्याला न लागता जाळीतून गेलेल्या चेंडूसाठी त्याने रूढ केलेला 'स्विश' हा शब्द तसाच ठेवावा. 'सुळकन' जवळचा आहे, पण त्यात चेंडूची गती येते, जाळीचा आवाज येत नाही.