शब्दचर्चा : परदेशी स्वयंसेवक, त्यांची तयारी आणि ‘मूल्यमापन’

माणदेशी

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका संस्थेत काम करते. एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून आमच्याकडे परदेशी स्वयंसेवक येतात, गावात राहतात आणि शाळेत, बचत गटांबरोबर काम करतात. यंदा त्या कार्यक्रमाने एक नवं काम आमच्यावर सोपवलंय. इंग्रजी कागदावर त्याचं नाव ‘ट्रेनिंग अँड इव्हॅल्युएशन सपोर्ट’. आलेल्या माणसांना मराठी आणि गावची रीत शिकवायची, गावातली जी माणसं त्यांच्या जोडीने काम करणार त्यांचीही तयारी करून घ्यायची, आणि वर्षाच्या मध्यावर व शेवटी काम कसं झालं हे गावाकडूनच समजून घ्यायचं.

त्यासाठी गावकऱ्यांच्या हातात द्यायला मराठीत छोटी माहितीपुस्तिका करतेय. अडलेले शब्द हे : इव्हॅल्युएशनला मूल्यमापन म्हणू, मूल्यांकन म्हणू की आणखी काही? सपोर्टला सहाय्य की साहाय्य? काउंटरपार्ट (म्हणजे स्वयंसेवकाच्या जोडीने काम करणारं गावातलं माणूस) आणि फीडबॅक यांना काय? आणि ट्रेनिंगला ‘प्रशिक्षण’ शिवाय दुसरा शब्द आहे का? वाचणाऱ्यांत चौथी-सातवीपर्यंत शिकलेल्या बायका आहेत. शब्द बरोबर तर हवाच, पण त्यांनी वाचल्यावर दचकू नये असाही हवा.

वाईकर

सोपं आधी उरकतो. ‘साहाय्य’ बरोबर. सहाय या शब्दापासून भाववाचक नाम होताना पहिल्या अक्षराचा आ होतो. म्हणून अर्थसाहाय्य, साहाय्य, पण ‘सहायक’. ‘सहाय्य’ आणि ‘सहाय्यक’ ही दोन्ही रूपं सर्रास छापली जातात, ती टाळा. आणि ‘आंतरराष्ट्रीय’ लिहा. ‘अंतरराष्ट्रीय’ हे हिंदीतलं रूप आहे.

पण ताई, पुस्तिकेत ‘साहाय्य’ कशाला? ‘मदत’ आहे की.

मिरजकर

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे इव्हॅल्युएशनबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

मराठीत शिक्षणाच्या संदर्भात ‘मूल्यमापन’ रुळलेला आहे. ‘मूल्यांकन’ चूक नाही, पण त्यात अंकन आहे, म्हणजे किंमत लिहिणं, आकडा टाकणं. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या नावात आपण ‘मूल्यांकन’ म्हणतो, तिथे ते शोभतं, कारण शेवटी एक श्रेणी हातात पडते. तुमच्या कामात गावाला किंवा त्या पोरांना श्रेणी द्यायची नाहीये. म्हणून दोहोंतून निवडायचं तर मूल्यमापन.

आता याचे दोन प्रकार. शिक्षणहक्क कायद्यानंतर 2010 पासून महाराष्ट्रातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ असे दोन भाग आहेत. आकारिक म्हणजे शिकणं चालू असताना, ते घडवण्यासाठी केलेलं. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी, काय साधलं ते पाहण्यासाठी केलेलं. मुळात हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये मांडला, आणि तो शाळेतल्या मुलांपुरता नव्हता, कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी होता. म्हणजे तुमच्याच कामासाठी. आपल्याकडे तो शाळेच्या वाटेने आला, म्हणून तो फक्त शाळेचाच वाटतो.

गावात समजावून सांगायचं तर तालमीतलं सांगा. वस्ताद पठ्ठ्याचा डाव रोज तिथल्या तिथे दुरुस्त करून देतो, ते आकारिक. कुंडलच्या मैदानात कुस्ती निकाली निघते, ते संकलित. वर्षाच्या मध्यावरचं तुमचं काम पहिल्या जातीचं आहे, शेवटचं दुसऱ्या. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर मध्यावरच लोक निकाल लागल्यासारखे बोलायला लागतील, किंवा गप्प बसतील. हे मी शाळेत पाहिलंय. वहीवर शेरा मारला की मूल शेरा वाचतं, चूक वाचत नाही.

कोयनाकाठ

मिरजकर सरांचं मूल्यांकनाबद्दलचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि त्याला आमच्या पाटण भागात आणखी एक कारण आहे. धरणग्रस्तांच्या गावात ‘मूल्यांकन’ हा शब्द भूसंपादनाचा आहे. घराची, झाडाची, विहिरीची किंमत ठरवायला आलेला माणूस मूल्यांकन करतो. कागदावर तो शब्द दिसला की म्हातारी माणसं आधी विचारतात, ‘मोबदला किती?’ माणमध्ये कदाचित असं नसेल. पण पुस्तिका इकडे वाटणार असाल तर हा शब्द घालू नका.

तसाच ‘पाहणी’. सांगलीकडे 2019 च्या महापुरानंतर पाहणी आणि पंचनामा हे शब्द जोडीने आले. पाहणी म्हटलं की नुकसान मोजायला आलेत असं वाटतं.

मला ‘आढावा’ बरा वाटतो. ग्रामसभेत कामांचा आढावा घेतात, तो सगळ्यांनी बसून घेतात, आणि त्यात कुणी पास-नापास होत नाही.

नाट्यपंढरी

ट्रेनिंगसाठी ‘तालीम’! सरांनी तो शब्द उच्चारलाच आहे म्हणून सुचवते. मूळ अरबी, अर्थ शिकवणं. गांधीजींनी 1937 मध्ये मांडलेल्या ‘नई तालीम’मध्ये तोच अर्थ. आमच्या सांगलीत या शब्दाला दोन घरं आहेत : पैलवानांची तालीम आणि नाटकाची तालीम. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून इथे नाटकाच्या तालमी चालू आहेत. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : तालीम करून होते, ऐकून होत नाही. ‘प्रशिक्षण’ म्हटलं की सतरंजी, ध्वनिक्षेपक आणि भाषण डोळ्यांपुढे येतं. परदेशातून आलेल्या मुलीला बाजारात जाऊन मेथीची जुडी मागायला लावायची, एसटीचं तिकीट स्वतः काढायला लावायचं, याला मी तालीमच म्हणेन.

वाईकर

ताई, शब्द सुंदर आहे, पण शीर्षकात चालणार नाही. साताऱ्यात ‘स्वयंसेवकांची तालीम’ असं छापलंत तर लोक लंगोट घेऊन येतील असं मी म्हणत नाही, पण व्यायामशाळा उघडतेय असा समज नक्की होईल. भाषासराव किंवा नक्कल-संवादाच्या भागाला ‘तालीम’ म्हणा, एकूण कामाला ‘प्रशिक्षण’ राहू द्या. किंवा कोयनाकाठ म्हणाले तसा ग्रामसभेतलाच शब्द घ्यायचा तर ‘तयारी’. माणदेशी ताईंनी स्वतःच्या पहिल्या परिच्छेदात ‘तयारी करून घ्यायची’ असंच लिहिलंय, आणि ते मला कुठल्याही परिभाषा कोशातल्या शब्दापेक्षा चांगलं वाटलं.

आता एक मोठा प्रश्न, जो ताईंनी विचारला नाही. ‘स्वयंसेवक’ हा शब्द गावाला काय सांगतो?

माझ्या मते तीन वेगळे अर्थ आहेत. महाविद्यालयातला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक : योजना 1969 ची, वर्षाला 120 तास काम, सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. हा गावाला माहीत आहे, तो येतो, गटार काढतो, गाणी म्हणतो, जातो. दुसरी, आशा स्वयंसेविका. तिच्या पदनामात ‘स्वयंसेविका’ असलं तरी तिला कामागणिक मोबदला मिळतो, आणि मानधन वाढावं म्हणून आशांना रस्त्यावर उतरावं लागलंय. तिच्यामुळे ‘स्वयंसेविका’ म्हणजे वही घेऊन घरोघर फिरणारी सरकारी बाई, असा अर्थ घट्ट झाला. तिसरा हा परदेशी माणूस. अमेरिकेची पीस कोअर 1961 मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी तिची माणसं भारतात आली आणि 1976 पर्यंत येत राहिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षी याच कार्यक्रमातून विक्रोळीला आल्या आणि 1966 ते 1968 तिथे परिचारिकेचं काम केलं. पीस कोअरमध्ये साधारण तीन महिने भाषेचं आणि कामाचं प्रशिक्षण, मग दोन वर्षं सेवा अशी रीत आहे. पगार नाही, पण राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही भत्त्याचं तसंच. तो 1970 च्या ठरावाने झाला, मुख्यालय जर्मनीत बॉनला.

तेव्हा पुस्तिकेत पैशाची गोष्ट स्पष्ट लिहा. शब्द ‘निर्वाहभत्ता’. ‘मानधन’ नको, कारण मानधन म्हणजे केलेल्या कामाचा मान राखून दिलेले पैसे. भत्ता काम मोजून मिळत नाही, जगण्यासाठी मिळतो. हे लिहिलं नाही तर गाव पहिल्या आठवड्यात विचारेल, ‘याला किती मिळतात?’ आणि उत्तर कुणाकडेच नसेल.

मिरजकर

चौथा अर्थही आहे. मिरजेला गोरा माणूस नवा नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, त्यानंतर परदेशी डॉक्टर आणि परिचारिका इथे राहिल्या, मराठी बोलल्या. आमच्या भागातली जुनी माणसं आजही विचारतात, ‘मिशनवाले का?’ ते मिशनरी होते, हे स्वयंसेवक आहेत. दोघांची नेमणूक, मुदत आणि हेतू वेगळे. हेही एका ओळीत यायला हवं.

कोयनाकाठ

गावाला विनामोबदला कामाची ओळख नाही असं कुणी समजू नये. इर्जिक आहे. एखाद्याची नांगरट अडली की बाकीचे आपापले बैल घेऊन येतात, घरधनी जेवण घालतो, मजुरी कुणी घेत नाही. सावड आहे : आज तुझ्या रानात भांगलण, उद्या माझ्या. आणि आपल्याकडे श्रमदानाचा अनुभव ताजा आहे. वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत 2016 ला कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, 2018 ला माणमधलंच टाकेवाडी. तिथेही आधी गावातल्या निवडक लोकांचं प्रशिक्षण झालं, मग टिकाव-खोरी उचलली गेली, आणि शेवटी काम मोजलं गेलं. म्हणजे प्रशिक्षण, काम, मूल्यमापन ही साखळी माणच्या लोकांनी स्वतः केलेली आहे. ताई, पुस्तिकेत उदाहरण तेच द्या.

फक्त ‘इर्जिक’ हा स्वयंसेवेचा पर्याय म्हणून वापरू नका. त्यात परतफेड गृहीत आहे. परदेशातल्या पोराच्या गावी जाऊन त्याची बागायत कोण भांगलणार?

माणदेशी

टाकेवाडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, किती जवळ आहे. घेतेच. काउंटरपार्ट राहिला. एका जुन्या भाषांतरात ‘प्रतिपक्ष’ वाचला.

वाईकर

नको! प्रतिपक्ष म्हणजे समोरचा, विरोधी पक्ष. न्यायालयातला शब्द आहे. गावातल्या ज्या शिक्षिकेच्या भरवशावर ते काम उभं राहणार, तिला विरोधी ठरवायचं? ‘समपदस्थ’ हा कार्यालयांपुरता ठीक.

नाट्यपंढरी

‘स्थानिक सहकारी’?

मिरजकर

सांगली-साताऱ्यात ‘सहकारी’च्या पुढे लोक साखर कारखाना, दूध संघ किंवा बँक शोधतात. ‘गावातला सोबती’ किंवा ‘गावातली सोबतीण’ म्हणा. दोघांनी बरोबरीने काम करायचं हे त्यात येतं.

आणि फीडबॅक. बी.एड.च्या पुस्तकात ‘प्रत्याभरण’ आहे, तो तिथेच राहू द्या. ‘अभिप्राय’ मात्र विचारपूर्वक वापरा. आपल्याकडे अभिप्राय वहीत लिहितात, पाहुणे निघताना. त्यामुळे अभिप्राय मागितला की ‘कार्यक्रम उत्तम झाला, संयोजकांचे आभार’ हेच मिळतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : माणसाला ते कसं वाटलं, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय उतरलं, आणि त्यातून शेवटी काय घडलं. अभिप्रायाची वही पहिल्या पायरीवरच थांबते. तुम्हाला तिसरी-चौथी हवी आहे. म्हणून रकान्याला नाव देऊच नका, सरळ प्रश्न लिहा : ‘काय जमलं? काय राहिलं? पुढच्या वेळी काय वेगळं करावं?’

माणदेशी

सर, हे फार उपयोगी पडलं. कार्यक्रमाच्या वार्षिक तक्त्यात सहा निकष आहेत, विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेचे. पाच 1991 चे, सहावा 2019 मध्ये जोडलेला. मराठी भाषांतर आलंय ते असं : समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. सहाही शब्द शुद्ध आहेत, पण आमच्या गटातल्या बायकांसमोर वाचून दाखवले तर त्या मान डोलावतील आणि बोलणार काहीच नाहीत. मी सरांच्या पद्धतीने ते प्रश्नांत मांडले :

हे काम आपल्या गरजेचं होतं का? आधीच चालू असलेल्या कामांशी जुळलं का? ठरवलं होतं ते झालं का? वेळ आणि पैसा कारणी लागला का? त्यामुळे आपल्यात काय बदललं, चांगलं आणि वाईटही? पाहुणा परत गेल्यावर ते काम कोण चालवेल?

तक्ता भरताना मी बाजूला निकषांची नावं लिहीन. गावासमोर फक्त प्रश्न.

वाईकर

हे मला भाषांतरापेक्षा सरस वाटतं. एकच सुचवतो : ‘पाहुणा’ काढा. पाहुण्याला कुणी उणं सांगत नाही, आणि तुम्हाला तर उणंच ऐकायचंय. तिथे माणसाचं नाव घाला.

कोयनाकाठ

आणि ‘चालवेल’च्या ऐवजी ‘चालवतंय’. सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारा. जाण्याआधी सगळेच ‘आम्ही चालवू’ म्हणतात.

माणदेशी

दोन्ही घेतलं. मग असं ठरवते. कार्यक्रमाला जाणाऱ्या कागदावर ‘प्रशिक्षण व मूल्यमापन साहाय्य’. गावच्या पुस्तिकेत ‘तयारी आणि आढावा’. मध्यावरचा ‘चालू कामाचा आढावा’, शेवटचा ‘झालेल्या कामाचा आढावा’. संवादाच्या सरावाला ‘तालीम’, नाट्यपंढरीताईंचा शब्द सोडवत नाही. भत्त्याची ओळ पहिल्याच पानावर, मिशनची त्याखाली. सोबती, सोबतीण.

‘स्वयंसेवक’ हाच ठेवते, कारण आलेला माणूस स्वतःची ओळख तोच शब्द शिकून करून देणार आहे. पण बाईसाठी ‘स्वयंसेविका’ लिहू की तिलाही ‘स्वयंसेवक’च?

नाट्यपंढरी

आशाताईंशी गल्लत टाळायची असेल तर दोघांनाही ‘स्वयंसेवक’.

मिरजकर

मी ‘स्वयंसेविका’च लिहीन. आशांच्या शब्दाला कमी लेखल्यासारखं होऊ नये. आधी ‘परदेशी’ लावलं की गल्लत होणार नाही. पण गटातल्या बायकांनाच विचारा. त्या जे म्हणतील ते छापा.