नाग फुत्कारतो, पाल चुकचुकते; बाकीच्यांनी काय करायचं?

अनुवादिनी
शाळकरी मुलांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं एक पुस्तक मराठीत आणतेय. आवाजांच्या प्रकरणापाशी गाडी अडली आहे. मूळ पुस्तकात प्रत्येक प्राण्याला वेगळं क्रियापद आहे. माझ्या मसुद्यात मात्र नाग फुत्कारतो, घोणस फुत्कारते, फुरसं फुत्कारतं आणि घोरपडसुद्धा फुत्कारते. काल मोजलं तर एकोणीस वेळा फुत्कार! संपादकांनी समासात फक्त 'अबब' लिहून पाठवलंय. पर्याय सुचवा. आणि 'फुत्कार' ऱ्हस्व की दीर्घ, हेही एकदा सांगून टाका.

शब्दवेल्हाळ
संस्कृतात दोन्ही सापडतात, मराठीत ऱ्हस्व रुळला आहे. ऱ्हस्वच ठेवा, मुलांना वाचायला सोपा. शब्दाची घडण सरळ आहे: 'फूत्' असा आवाज करणं म्हणजे फूत्कार. सीत्कार, चीत्कार, हुंकार हे त्याचे भाऊबंद. बोलताना मात्र कोण फुत्कार म्हणतो? साप 'फुसकारला' किंवा त्यानं 'फुस्स केलं' असंच म्हणतो आपण. मुलांच्या पुस्तकात फुसकारणंच बरं.

उसातला_गडी
घोणशीला फुत्कार म्हणणं म्हणजे एस्टीच्या हॉर्नला पिपाणी म्हणणं. मागच्या सुगीत पाचट ओढत होतो, तर पायाशी कुकरची शिट्टी सुरू झाली. शिट्टी थांबेना, हवा आत घेतानाही आवाज, सोडतानाही आवाज. हातातला कोयता तिथंच टाकून बांधावर आलो. आमच्याकडं 'घोणस शिट्टी मारती' असंच म्हणतात.

रानमेवा
+१ शिट्टी.

भाबडा_प्रश्न
म्हणजे घोरल्यासारखा आवाज करते म्हणून घोणस का?

शब्दवेल्हाळ
मोह होतो खरा, पण नाही. संस्कृतात 'गोनस' आहे, गाईसारख्या नाकाचा तो गोनस. 'घोणस' हे रूपही तिथं आहे, आणि घोणा म्हणजे नाकच. गंमत अशी की नाव आवाजावरून नसलं तरी आवाज येतो तिथूनच. घोणशीचा फोटो नीट पाहा, नाकपुड्या केवढ्या मोठ्या असतात.

बीएस्सी_झूलॉजी
आवाज येतो तिथून, पण होतो आत. सापाला आपल्यासारखे स्वरतंतू नसतात. फुप्फुसातली हवा कंठद्वाराच्या फटीतून जोरात बाहेर पडते, त्याचा हा आवाज. म्हणून बहुतेक सापांचे फुत्कार एकाच जातीचे वाटतात, त्यांत चढउतार फारसा नाही. नागराजाची, म्हणजे किंग कोब्राची, गोष्ट निराळी. त्याच्या श्वासनलिकेला पिशव्यांसारखे कप्पे असतात, त्यांत आवाज घुमतो. साध्या फुत्काराची पट्टी साधारण ७,५०० हर्ट्‌झच्या आसपास, तर नागराजाची ६००च्या आसपास, म्हणजे बरीच खालची. कानाला त्याचा फुत्कार गुरगुरल्यासारखाच लागतो. धामणीतही असे कप्पे आहेत. तेव्हा नागराज आणि धामण गुरगुरतात असं बिनदिक्कत लिहा.

सीमाभागातली
नागराज म्हणजे आमच्याकडचा काळिंग सर्प. २०२४मध्ये नागराजाच्या एका जातीच्या चार जाती झाल्या, तेव्हा पश्चिम घाटातल्या जातीला शास्त्रीय नावातही 'कालिंगा' मिळालं. कानडी माणसाला कोण आनंद झाला!

कातळावरचा
फुरशाचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. अनुवादिनीताई, फुरशाला फुत्कार देऊ नका, चक्क चूक होईल. लहानपणी चिऱ्याच्या गडग्याजवळ गुरांचं दावं सोडायला वाकलो, तर कोणी सुक्या नारळाच्या करवंटीवर कानस घासतंय असं वाटलं. काका ओरडले, 'हलू नको, फुरसं आहे.' बघतो तर वीतभर जीव, अंगाच्या वळ्या एकमेकींवर घासत उभ्या जागी फिरतोय. तोंड मिटलेलं. आवाज अंगाचा. याला करकर म्हणा, खरखर म्हणा, पण फूत् नव्हे.

बीएस्सी_झूलॉजी
बरोबर. फुरशाच्या कुशीवरचे खवले करवतीच्या दात्यांसारखे असतात, इंग्रजी नावातही करवत आहे. अंग घासून आवाज काढल्यानं श्वासातून पाणी कमी जातं आणि कोरड्या मुलखात ते सोयीचं पडतं, असा एक तर्क आहे. कोकणात धो धो पाऊस पडतो हे फुरशाला कुणी सांगितलेलं नसावं.

अनुवादिनी
करकर! दार करकरतं, चप्पल करकरते, तसं फुरसं करकरतं. घेतला. म्हणजे मी आवाज ऐकून शब्द शोधत होते, तो निघतो कुठून हे आधी बघायला हवं होतं. नाकातोंडातली हवा असेल तर फुसकारणं, घासणं असेल तर करकरणं.

पाल तरी बरोबर आहे ना? चुकचुकणं?

सीमाभागातली
पाल शंभर टक्के. आमची आजी बोलता बोलता पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं टेकवून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. बोललेलं खरं ठरणार याची ती पावती. उलट, शंकेची पाल चुकचुकते तेव्हा नक्की काहीतरी खोटं असतं. एकाच पालीनं दोन्हीकडून साक्ष द्यायची म्हणजे कमालच.

बाकी 'पाल' हे नाव आमच्या शेजारचं. तमिळमध्ये पल्ली, कानडीत हल्ली. आवाज त्या नावात नाही. बंगालीत मात्र पालच 'टिकटिकी', मलायमध्ये 'चिचक'. त्यांनी आवाज नावात ठेवला, आपण क्रियापदात.

शब्दवेल्हाळ
आणि त्या क्रियापदाला पुढं काय काय फुटलं पाहा. वाईट बातमी ऐकून माणसं चुकचुकतात, म्हणजे जीभ टाळ्याला लावून सोडतात. लेक सासरी गेल्यावर घरात चुकचुकल्यासारखं वाटतं, तिथं तर आवाजही नाही, नुसती उणीव.

बीएस्सी_झूलॉजी
एक दुरुस्ती: माणूस जिभेनं चुकचुकतो, पाल कंठातून. बहुतेक सरडे मुके, पण पालींना स्वरतंतू आहेत. दुसरीला आपली हद्द सांगायला आणि जोडीदार बोलवायला त्या ते वापरतात. ईशान्य भारतातली मोठी टोके पाल तर रात्री 'टोऽके, टोऽके' अशी स्वतःच्याच नावानं हाका मारत बसते.

भाबडा_प्रश्न
सापाला कान नसतात ना? मग फुत्कार दुसऱ्या सापाला ऐकू येतो का?

शब्दवेल्हाळ
अमरकोशात सापाला 'चक्षुःश्रवा' असं नाव आहे, डोळ्यांनी ऐकणारा!

बीएस्सी_झूलॉजी
नाव झकास, माहिती चूक. बाहेरचा कान नाही, आतला आहे. जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून तिथवर पोचते. हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही सापांना जाणवतात. साधा फुत्कार मात्र बराच वरच्या पट्टीतला. तो आपल्यासाठी, कोल्ह्यासाठी, मुंगसासाठी. थोडक्यात 'पाय देऊ नकोस'. पुस्तकात 'साप फुत्कारून एकमेकांशी बोलतात' असं काही आलं असेल तर उडवा.

अनुवादिनी
आलंय. उडवते. आता मगर आणि कासव राहिले.

वाशिष्ठीकाठचा
चिपळूणचा आहे, नदीत मगरी आहेत, म्हणून अधिकार सांगतो. मोठी मगर फुसकारते, पाण्यावर डोकं आपटून दणका देते. पिल्लांचं खरं ऐकण्यासारखं. अंड्यातूनच क्यांव क्यांव करतात, ते ऐकून आई वाळू उकरते. त्यांच्यासाठी 'फुत्कार' लिहिलात तर आमची नदी तुम्हाला माफ करणार नाही. आणि कृपा करून मगरीला सुसर म्हणू नका. म्हणीतल्या सुसरबाईची पाठ मऊ असो नसो, पुस्तकी मराठीत सुसर म्हणजे लांब चोचीची, चंबळची. तिच्या नराच्या नाकावर घड्यासारखा गोळा येतो, म्हणून हिंदीत घडियाल. त्या गोळ्यामुळं त्याचा आवाज भणभणतो.

शब्दवेल्हाळ
कासवाचं अवघड आहे. संतांनी ते मुकं करून ठेवलंय. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते, ती कूर्मदृष्टी.

बीएस्सी_झूलॉजी
नजरेचं संतांवर सोडू, पण मुकं नाही. २०२२मध्ये ५३ जातींची ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध झाली, त्यांतली ५० कासवं. ज्यांना सगळे मुके समजत होते त्यांचेही आवाज मिळाले. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या नदीकासवाच्या माद्या तर पिल्लांना आवाज देतात आणि पिल्लं त्यांच्यासोबत पोहत जातात. आवाज बारीक, खालच्या पट्टीतले आणि मधे मोठी विश्रांती, म्हणून आपल्या कानांवरून निसटले. सहज ऐकू येतो तो जमिनीवरच्या नर कासवाचा, मीलनाच्या वेळी. तो कण्हतो.

अनुवादिनी
मुलांचं पुस्तक आहे हो.

बीएस्सी_झूलॉजी
मग 'कासव कण्हतं' एवढंच लिहा, कधी ते लिहू नका.

वाशिष्ठीकाठचा
कुणीतरी विचारणारच, 'त्याला कुठं दुखतंय?'

अनुवादिनी
विचारू देत. फुत्कार एकोणीसवरून चारवर आलेत. संपादकांना आजच पाठवते.