ऑटोकॅड एलटी २००४ अजून चालू आहे, पण नव्या फाइल उघडत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. बहुतेक कामं साखर कारखान्यांची: फ्लँज, बेंड, हॉपर, असलंच. ड्रॉइंग मी अजून ऑटोकॅड एलटी २००४ वर काढतो. लायसन्स रीतसर विकत घेतलेलं आहे, त्यामुळे क्रॅक सुचवू नका. नवीन एलटी भाड्यानेच मिळतं, कायमचं लायसन्स विकणं २०१६ मध्येच बंद झालं. आणि दरवर्षी पैसे भरून मी वापरणार काय, तर लाइन, सर्कल, ट्रिम, ऑफसेट! थ्रीडीशी आपला संबंध नाही.

अडतंय एवढंच की कन्सल्टंटकडून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइल) येतात त्या २०१८ फॉरमॅटच्या. "२००४ मध्ये सेव्ह करून पाठवा" म्हटलं की तिकडचा पोरगा आधी हसतो, मग सवडीने पाठवतो. शिवाय पीसी जुन्या विंडोज एक्सपीवाला. नेट जोडलेलं नाही, सगळा कारभार पेनड्राइव्हवर. गाळपाच्या तोंडावर मदरबोर्ड गेला तर काय करायचं?

ओडीएचा (ओपन डिझाइन अलायन्सचा) फुकट कन्व्हर्टर अख्खा फोल्डर जुन्या फॉरमॅटमध्ये आणतो असं कळलं. डायमेन्शन बिघडतात का? की सरळ लिब्रेकॅड या फुकट ड्रॉइंग सॉफ्टवेअरवर जावं? लेझर कटिंगवाल्याला तसंही डीएक्सएफच (ड्रॉइंग देवाणघेवाणीचा फॉरमॅट) लागतं.

प्रतिसाद:
दादा, लिब्रेकॅडची घाई करू नका. त्यात डीडब्ल्यूजी सेव्ह होत नाही, कन्सल्टंटला परत काय पाठवणार? कन्व्हर्टरच बरा. एक्सपीवर तो चालणार नाही, घरच्या लॅपटॉपवर टाका. माझ्याकडे डायमेन्शन नीट येतात, घोळ होतो तो फॉन्टचा. त्यांची एसएचएक्स फाइल (ऑटोकॅडचा फॉन्ट) आपल्याकडे नसली की अक्षरं पसरतात, कधी फायच्या (Ø, व्यासाची खूण) जागी प्रश्नचिन्ह येतं. Ø५० चं ?५० झालेलं कटिंगला जाऊ देऊ नका. फाइलबरोबर पीडीएफ मागायचीच, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

लेझरवाल्याला आर१२ (जुन्या आवृत्तीचं) डीएक्सएफ देत असाल तर त्यात स्प्लाइन (मुक्त वळणाची रेघ) आणि एलिप्स (लंबवर्तुळ) नसतातच, त्यांचे बारीक सरळ तुकडे होतात. कडेला पैलू दिसतात ते त्यामुळे. शक्य तिथे आर्कमध्येच (वर्तुळाच्या तुकड्यांत) काढा.

पीसीचं म्हणाल तर तो धड आहे तोवरच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकून एलटी चालवून बघा. ऑथरायझेशन कोड पुन्हा मागू शकतो, म्हणून सिरियल नंबर आणि बिल आधी हुडकून ठेवा.

धागाकर्ता:
बिल सापडलं. व्हर्च्युअलबॉक्समधून ए३ प्रिंट स्केलला बरोबर येते का?