शाखेत एलडॅप प्रॉक्सी बसवा म्हणे, "डेटा ठेवायची कटकटच नाही"

माहीमकर:
परवा एकाने ठासून लिहिलं की प्रत्येक शाखेत ओपनएलडॅपची (लोकांची नावं, पासवर्ड ठेवणाऱ्या डिरेक्टरीचं सॉफ्टवेअर) प्रॉक्सी, म्हणजे नुसता मध्यस्थ, टाका, सगळे लुकअप मुख्य सर्व्हरकडे पाठवा, डेटा ठेवायची कटकटच नाही. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. बॅक-एलडॅप, म्हणजे हीच प्रॉक्सी, स्वतःकडे काही साठवत नाही, प्रत्येक सर्च, प्रत्येक बाइंड (पासवर्ड तपासून आत घेणं) पलीकडे जातो, म्हणजे नरिमन पॉइंटच्या मुख्य सर्व्हरकडची लाइन गेली की अंधेरीत लॉगिन बंद, मेलचं अ‍ॅड्रेस बुक बंद. त्यापेक्षा शाखेत सिंकरेपलने (ओपनएलडॅपची प्रत ताजी ठेवायची सोय) पूर्ण रेप्लिका, म्हणजे डिरेक्टरीची अख्खी प्रत, ठेवा, लाइन नसली तरी लोक कामाला लागतात.

रात्रपाळी:
रेप्लिका ठेवा म्हणणं सोपं आहे हो. अख्ख्या कंपनीचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) पँट्रीशेजारच्या त्या कपाटात ठेवायचे, ज्याची किल्ली वॉचमनकडे असते? आणि पलीकडची डिरेक्टरी क्लायंटची असेल तर रेप्लिका देणार कोण? आम्हाला एलडॅपचा ६३६ पोर्ट आणि एक वाचण्यापुरतं अकाउंट मिळालंय, बस.

विरार_स्लो:
मग पीकॅश (प्रॉक्सीत आलेली उत्तरं साठवणारी जोड) लावा ना, एवढं भांडण कशाला.

माहीमकर:
लावून बघा. शोधाचा फिल्टर आधी ठरवून दिलेल्या टेम्प्लेटमध्ये बसला तरच कॅशमधून उत्तर येतं, बाकी सगळं पलीकडेच. बाइंडची कॅश वेगळी चालू करावी लागते, ती केली नाही तर लाइन गेल्यावर यूजर सापडतो पण पासवर्ड तपासला जात नाही आणि हेल्पडेस्कचा फोन थांबत नाही. आणि केली तर हॅश शाखेत येऊन पडतोच, मग रेप्लिकेला नावं का ठेवता?

साकीनाका_जंक्शन:
अहो पण लाइन जाते का, ते आधी बोला! आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन, कागदावर रिडंडंट, दुप्पट पैसे. काँक्रीटीकरणासाठी रस्ता खोदला आणि दोन्ही एकदम गेल्या, कारण दोन्ही एकाच डक्टमधून (जमिनीखालचा केबलचा पाइप) आलेल्या. जेसीबीवाल्याला काय दोष द्यायचा, त्याच्या हातात नकाशाच नव्हता.

रात्रपाळी:
अगदी! आणि पूर्ण तुटलेली परवडली. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी जातं, लिंक अप दिसते पण पॅकेट गळतात. नेटवर्क-टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) लावलेला नसेल तर प्रॉक्सी वाट बघत बसते, स्लॅपडीचे (ओपनएलडॅपचा सर्व्हर) डीफॉल्ट १६ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात, अडकले की संपलंच.

माहीमकर:
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही मांडताय.

रात्रपाळी:
तुमचं कसलं? तुमची दोन्ही टोकं तुमच्याच ताब्यात आहेत म्हणून हे सुचतंय. दुसऱ्याच्या डिरेक्टरीवर रात्र काढा, मग बोला.

विरार_स्लो:
भांडू नका. मशीनवर एसएसएसडीचं (लिनक्सवर लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) कॅश क्रेडेन्शियल्स चालू करा, डीफॉल्ट बंद असतं. आधी कधीतरी लॉगिन झालेला माणूस लाइन नसतानाही आत जातो. नवीन माणूस मात्र अडकतो, तेवढं खरं.

माहीमकर:
ठीक आहे, डिरेक्टरी क्लायंटची असेल तर प्रॉक्सी, तेवढं मान्य. पण टाइमआउट न लावता आणि बाइंड कॅशचा विचार न करता "कटकटच नाही" असं कोवळ्या पोरांना सांगू नका, रात्री दोनला फोन त्यांना येतो.

साकीनाका_जंक्शन:
ते सगळं बरोबर, पण डक्टचा नकाशा कुणी मिळवलाय का? दोन्ही कंपन्यांना विचारलं, दोघांचं उत्तर एकच, शेवटचा टप्पा आमचा नाही.