टोपणनावाने लिहिणारे सगळे भेकड?

खडूस_वाचक: 'परखड' यांनी ठणकावून लिहिलंय की मन साफ असेल तो खऱ्या नावाने लिहितो, बाकीचे आडून दगड मारणारे भेकड, आणि प्रत्येक साइटने ओळखपत्र बघूनच अकाउंट द्यावं. वाचून डोकंच फिरलं. अहो, दक्षिण कोरियाने हे करून बघितलंय! 2007 मध्ये मोठ्या साइटवर कमेंट टाकायची तर खरी ओळख द्या असा नियम आणला, शिवीगाळ काही संपली नाही, आणि 2011 मध्ये तिथे एकाच फटक्यात साडेतीन कोटी युजर्सची माहिती चोरीला गेली. 2012 मध्ये त्यांच्याच घटनात्मक कोर्टाने तो नियम रद्द केला. ओळखपत्रं गोळा करा म्हणायला काय जातंय, सांभाळणार कोण?

परखड: कोरिया राहू द्या. माझ्या बहिणीच्या कामाबद्दल एका निनावी महाशयाने वाट्टेल ते लिहिलं, तिचं नाव सर्च केलं की आजही तेच वर येतं. तिचं नाव उघडं, त्याचं झाकलेलं. हे चालतं तुम्हाला?

निमूट: युरोपात 2014 च्या कोर्टाच्या निकालापासून आपल्या नावाच्या सर्चमधून अशा लिंक काढायची मागणी करता येते. मूळ पान मात्र जागेवरच राहतं.

उगाच_एक: नावाचं काय घेऊन बसलात, खरी ओळख म्हणजे मोबाईल नंबर! मी जुना नंबर सोडला, कंपनीने तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला आणि आता माझे ओटीपी त्या बाबाकडे जातायत.

खडूस_वाचक: विषय काय, तुम्ही बोलताय काय.

तिरपागडं: विषय हाच आहे! 2019 मध्ये खुद्द ट्विटरच्या सीईओचं, जॅक डॉर्सीचं अकाउंट त्याचा नंबर पळवून वापरलं गेलं. तिथे खरं नाव, फोटो, सगळं होतं की.

परखड: नंबर सोडण्याआधी सगळीकडे बदलून घ्यायचा, एवढी साधी अक्कल नको?

उगाच_एक: अक्कल काढू नका. महत्त्वाच्या सगळ्या ठिकाणी बदलला होता. पण वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या फुटकळ साइटला नंबर दिलाय याची यादी तुमच्याकडे तरी आहे का?

निमूट: एसएमएसच्या भरवशावर राहू नका, ऑथेंटिकेटर ॲप लावा, ते लॉगिनचे कोड फोनवरच बनवतं, आणि बॅकअप कोड, म्हणजे ॲप हाताशी नसताना आत शिरायचे राखीव कोड, कागदावर लिहून ठेवा.

उगाच_एक: आणि फोनच हरवला तर?

निमूट: म्हणूनच कागद म्हटलं ना. वाचत जा जरा.

परखड: बरं, ओळखपत्राचा हट्ट सोडला, खूश? पण टोपणनावाने आपण लपतो हा भ्रम आहे. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने नावांच्या जागी आकडे टाकून लोकांचे सर्च जाहीर केले, तरी पत्रकारांनी त्यातल्या एका बाईंना शोधून काढलंच. आणि खडूसराव, तुम्ही हेच टोपणनाव अजून कुठे कुठे वापरता ते मी आत्ताच बघून आलो.

खडूस_वाचक: धमकी देताय?

परखड: माहिती देतोय. फुकट.

खडूस_वाचक: उपकार झाले. तिकडचं नाव बदलतो, पण इथलं नाही, आणि खरं नाव तर देणार नाहीच नाही.

उगाच_एक: भांडण झालं असेल तर ते बॅकअप कोड कुठे मिळतात सांगा कुणीतरी.

निमूट: अकाउंटच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये. आणि स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवू नका, प्लीज.