जीडीएम (गरोदरपणातला मधुमेह): दुपारी जेवल्यावरची शुगर ठीक पण सकाळची उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतरची काही केल्या खाली येईना, त्यात रविवारी डोहाळजेवण

कृष्णाकाठची

नमस्कार, आजवर नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. मला २७वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. गेल्या आठवड्यात ते ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, ७५ ग्रॅम, लिंबू पिळूनही घशाखाली उतरत नव्हतं, आणि दोन तासांनी १५८ आली. १४० किंवा वर गेली की जीडीएम धरतात म्हणे. मी गोड फार खात नाही, वजनही बेताचंच, त्यामुळे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. रिपोर्ट घेऊन रिक्षात बसले आणि रडायलाच आलं.

डॉक्टर म्हणाल्या दोन आठवडे आहार आणि चालणं करून बघू, उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत पाहिजे, नाही जमलं तर इन्सुलिन. शुगर मोजायचं मशीन घेतलं, वही केली. पाच दिवसांची उपाशी शुगर बघा, ९९, १०२, ९८, १०१, १०३. नाश्त्याला पोहे खाल्ले तर १५४, उपमा १४९, आणि सासूबाईंनी पौष्टिक म्हणून नाचणीचं सत्त्व दूध-गूळ घालून दिलं त्याला चक्क १६१!! आणि दुपारी भाकरी, उसळ आणि वाटीभर भात खाऊन ११४. हे उलटं कसं काय?

रात्री आम्ही साडेनऊ-पावणेदहाला जेवतो कारण सासरे दुकान बंद करून येतात तोवर कोणी ताटावर बसत नाही. सासूबाई जीव लावतात पण "दोन जिवांची आहेस, एवढ्याशाने काय होतंय" म्हणत दुसरी पोळी वाढतातच. रविवारी डोहाळजेवण आहे, झोपाळा सांगून झालाय, जिलेबी सांगून झालीय, आणि ती पेढा-बर्फीची वाटी उघडून सगळ्यांसमोर खायची असते ना. आणि शेजारच्या काकूंनी डोक्यात भरवलंय की एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही. खरं का हे?

दोन_पोरांची_आई

अगं आधी डोळे पूस. मला दोन्ही वेळेला होतं, मोठी आता ८ वर्षांची आहे आणि धाकटा ३, दोघं ठणठणीत.

उलटं नाहीये ते, बहुतेकींचं तसंच असतं. बाळाच्या वारेतून (प्लासेंटामधून) जे हार्मोन निघतात ते आपल्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि पहाटे शरीराचे स्वतःचे हार्मोनही वाढतात, त्यामुळे सकाळी सगळ्यात जास्त अडतं. म्हणून जो भात दुपारी पचतो तोच सकाळी ८ वाजता खाल्लास तर शुगर वर. मला हे कळायला तीन आठवडे लागले, तोवर मी रोज पोह्यांत शेंगदाणे कमी-जास्त करत बसले होते.

सकाळी पोहे, उपमा, इडली, सत्त्व, फळं, मोठा कप दूध हे सगळं सोड काही दिवस. मी काय खायचे तर मुगाचं घावन, त्यात कोथिंबीर-मिरची आणि किसलेला दुधी, एक नाहीतर दीड, बरोबर पनीर नाहीतर दोन उकडलेली अंडी. चहा बिनसाखरेचा. (पहिले चार दिवस तो चहा म्हणजे शिक्षा वाटायची, आता साखरेचा पिववत नाही.) नाचणी वाईट नाही गं, पण सत्त्व म्हणजे बारीक पीठ शिजवून पातळ केलेलं, वर गूळ, ते पोटात थांबतच नाही. तीच नाचणी भाकरी करून दुपारी भाजीबरोबर खा आणि मशीन काय म्हणतं ते बघ. गुळाचं तर विचारूच नकोस, गूळ म्हणजे पण साखरच, रंगाने फसायचं नाही.

दुपारच्या ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग भाकरी, भात शेवटी. आणि जेवल्यावर शतपावली, शंभर पावलं नाही, चांगली पंधरा मिनिटं. मी घरातल्या घरात हॉल ते गॅलरी करायचे.

फिट_आई_२१

मी तर पोळी भात दोन्ही पूर्ण बंद केलं होतं, रात्री फक्त सूप, आणि सकाळी मेथीचं पाणी. ४ किलो उतरलं माझं आणि शुगर एकदम नॉर्मल 😊 मनावर घेतलं की होतं.

पांढरा_कोट_नाशिक

फिट_आई, तुमचं बाळ-बाळंतीण सुखरूप झालं हे चांगलंच, पण हे कोणी वाचून करायला जाईल म्हणून लिहिते. मी प्रसूती विभागात सिस्टर आहे, १४ वर्षं. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं. कार्ब (पोळी, भात, साखर यांतली कर्बोदकं) पार बंद केले की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून निघणारे कीटोन वाढतात, ते बाळासाठी चांगलं नाही. गरोदर बाईला दिवसाला साधारण १७५ ग्रॅम कार्ब तरी लागतात, फक्त ते तीन मोठ्या ताटांत न खाता तीन लहान जेवणं आणि मध्ये दोन-तीन खाणी असं वाटून खायचं. मेथीची भाजी खुशाल खा, मेथीच्या पाण्याला औषध समजू नका आणि घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

कृष्णाकाठची, तुमची रात्रीची वेळ बघा. पावणेदहाला पोळी-भात खाऊन लगेच आडवं झालात तर सकाळी शुगर वर असणारच. आणि ज्या लवकर, साडेसातला जेवतात आणि मग सकाळी आठपर्यंत काहीच खात नाहीत, त्यांचीही वर येते, कारण पोट इतका वेळ रिकामं राहिलं की यकृत स्वतःच साखर रक्तात सोडतं. म्हणून आठच्या सुमारास जेवा, फिरा, आणि झोपताना साडेदहाला अर्धा कप बिनसाखरेचं दूध आणि पाच-सहा बदाम, नाहीतर मूठभर भाजलेले चणे. आठवडाभर करून बघा.

पण हेही सांगते, सगळं करूनही काहींची उपाशी शुगर हलत नाही. जेवल्यावरची ताटावर ठरते, उपाशीपोटीची रात्रभर शरीर काय करतं त्यावर. तेव्हा रात्रीचं इन्सुलिन द्यावं लागतं आणि त्यात तुमचा काही गुन्हा नसतो. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, साखर मात्र जाते. आईची साखर जास्त गेली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं, अंगाने मोठं होतं, आणि जन्मल्यावर नाळ कापली की आईकडची साखर बंद पण त्याचं इन्सुलिन चालूच, मग बाळाची शुगर एकदम खाली येते. म्हणून आम्ही टाच टोचून तपासतो आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायला लावतो. जन्मभर सुई वगैरे काही नाही, जीडीएमच्या बहुतेक जणींचं इन्सुलिन वार पडल्याबरोबर बंदच होतं. मात्र सहा आठवड्यांनी ते ७५ ग्रॅमचं पाणी परत प्यायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच कोणी येत नाही. बाळाची लस चुकत नाही, आईची टेस्ट चुकते.

बायकोचा_स्ट्रिपवाला

पुरुष आहे, मध्ये बोलतोय, माफ करा. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे हेच होतं. घरात हापूसची पेटी आलेली. बायकोने मला आंबा कापून दिला, स्वतः एक फोडही खाल्ली नाही, आणि तसंच बोट पुसून टोचलं तर मशीन म्हणतंय १९६!! रडारड, सासूबाईंचा फोन, मी गाडीची किल्ली शोधतोय दवाखान्यात जायला. मग तिची बहीण म्हणाली हात धुतलेस का. साबणाने धुऊन, पुसून परत घेतली, ११८. तेव्हा टोचायच्या आधी साबण, नुसता रुमाल नाही. आणि बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं.

दुसरं, दोन तासांची वेळ पहिल्या घासापासून धरायची, जेवण संपवून हात धुतल्यापासून नाही. आमची आधी तिथेच गडबड होत होती. आणि मशीनला लावायच्या स्ट्रिपांचा डबा महिन्याला बजेट हलवतो, पण रोज सगळ्या वेळा टोचणं थांबवू नका निदान सुरुवातीला, नाहीतर कशाने वाढली ते कळणार कसं.

मी पण तेच खात होतो दोन महिने, तिच्यापेक्षा माझं पोट जास्त कमी झालं, हे तिला अजून आवडलेलं नाही.

लेस्टरची_माहेरवाशीण

थोडक्यात सांगते, नेटवर ५.३ आणि ७.८ असले आकडे दिसले तर दचकू नकोस किंवा आपली शंभर बघून बेशुद्ध पडू नकोस. इकडे ब्रिटनमध्ये वेगळ्या मापात मोजतात, १८ ने गुणलं की तुझ्या मशीनचा आकडा. ५.३ म्हणजे तुझे ९५, आणि ७.८ म्हणजे १४०, पण तो जेवल्यावर एक तासानंतरचा, दोन तासांचा नाही. तुझ्या डॉक्टर दोन तास म्हणाल्यात तर तेच धर, दोन्हीची मिसळ करू नकोस. मी केली होती.

आजी_होणारे_बहुतेक

मी सासूच्या बाजूने लिहिते हं, वय ६१. तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस गं, आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही. माझा मुलगा १९८८ सालचा, जन्मला तेव्हा ४ किलो ३०० ग्रॅम. सगळं गाव बघायला आलं, काय गुटगुटीत बाळ म्हणून. दृष्ट काढून काढून माझी आई दमली. माझी शुगर तेव्हा कोणी बघितलीच नाही. डिंकाचे लाडू, शिरा, तुपाची धार, सगळं चालू. ४६व्या वर्षी डायबेटिस निघाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मुलांची जन्माची वजनं किती होती. मला वाटलं मला शुगर आणि हे मुलांचं काय विचारतायत. गरोदरपणात जिला शुगर होते तिला पुढे खरी होण्याचा धोका बराच जास्त असतो, हे तेव्हा कळलं. तेव्हाच कोणी बघितली असती तर मी निदान सावध तरी राहिले असते.

तर तू असं कर, सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जा. तू सांगितलेलं कटकट वाटतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पटतं, मला तरी असंच पटलं. आणि शुगर तपासायचं काम त्यांच्या हातात दे. नाचणीच्या सत्त्वाचा १६१ आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला ना की वाटी आपोआप परत जाईल.

डोहाळजेवणाचं काय घेऊन बसलीस. ओटी भरून घे, फुलांचे दागिने घाल, झोपाळ्यावर बस, फोटो काढ. वाटी उघड, बर्फीचा कोपरा तोडून जिभेवर ठेव, उरलेली नवऱ्याच्या तोंडात घाल, सगळे हसतील आणि कोणी मोजायला येणार नाही. जिलेबीला मात्र नाही म्हण. पंगतीत आधी काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ आणि अळूचं फदफदं भरपूर घे. आणि पंगत दोनला बसणार असेल तर एकला घरी ताक आणि मूठभर शेंगदाणे खाऊन घे, उपाशी राहून मग ताटावर तुटून पडू नकोस.

कृष्णाकाठची

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उशिरा लिहितेय. सांगते काय झालं.

घावन सुरू केलं आणि नाश्त्यानंतरची १५४ वरून ११६ वर आली, पहिल्या दिवशी मशीन बिघडलं की काय असं वाटून दोनदा टोचलं. आजी, तुमचं ऐकून सासूबाईंना नेलं. डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं की तुमच्या घरात कोणाला आहे का शुगर, तर म्हणाल्या नाही, आणि बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाल्या की माझी अजून तपासलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच मशीनवर त्यांची घेतली, उपाशीपोटी १३८. आता त्यांचीही रीतसर लॅबला टेस्ट सांगितलीय. तेव्हापासून ताटावर दुसरी पोळी येत नाही, आणि सासऱ्यांना सांगून टाकलंय की तुम्ही या दुकानातून केव्हाही, आम्ही दोघी आठला जेवणार.

डोहाळजेवण छान झालं. बर्फी निघाली. कोपरा खाल्ला, बाकी यांच्या तोंडात. दोन तासांनी १२४, त्या दिवशी तेवढं चालतं म्हणून मी सोडून दिलं.

उपाशी शुगर मात्र ९७-९९ च्या खाली आलीच नाही, झोपताना दूध-बदाम घेऊनही. काल डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं, ४ युनिट, हळूहळू वाढवू म्हणाल्या. सुई इतकी बारीक आहे की बोट टोचण्यापेक्षा कमीच लागेल असं दिसतंय, उगाच घाबरले. शेजारच्या काकूंना अजून सांगितलेलं नाही.

आता एक घाईचा प्रश्न. इन्सुलिनचं पेन आणल्या आणल्या सासूबाईंनी काळजीने फ्रीजरमध्ये ठेवलं, बर्फाच्या ट्रेला टेकून, मी रात्री टोचायला काढलं तर आतलं गोठलेलं. बाहेर ठेवून विरघळलंय आता, दिसायला तर नीट दिसतंय. वापरू का?

पांढरा_कोट_नाशिक

नाही. गोठलेलं इन्सुलिन विरघळलं तरी कामाचं राहत नाही, दिसायला कितीही नीट दिसो. टाकून द्या, आजच दुसरं आणा आणि कालचा डोस चुकला हे डॉक्टरांना फोन करून सांगा. नवीन पेन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किंवा दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. वापरात काढलेलं बाहेर किती दिवस चालतं ते खोक्यातल्या कागदावर असतं, पण सध्याच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे ते ओट्यावर ठेवू नका, माठाजवळ गारव्याला ठेवा.

आजी_होणारे_बहुतेक

सासूबाईंना ओरडू नकोस हं. मी पण फ्रीजरमध्येच ठेवलं होतं.