खंड, वलय की पेर?

भाषांतरकार: मधमाशीच्या वाढीवरचा एक पाठ मराठीत आणतोय. ‘सेगमेंट’ला शब्दकोशात ‘खंड’ मिळाला. पण ‘अळीच्या शरीराचे १३ खंड’ असं लिहिलं की कुणीतरी सुरी फिरवल्यासारखं वाटतं. ‘वलय’ म्हणावं तर शाळेतलं गांडूळ आठवतं. आणि ‘एम्ब्रियो’ला भ्रूण म्हणू की गर्भ?

मधपाळ: पेर म्हणा की! उसाची पेरं, बोटांची पेरं. पिलाव्यातली (पोळ्यात अंडी-अळ्या असतात त्या भागातली) चार दिवसांची अळी काडीवर उचलून बघा. पांढरी, लुसलुशीत, कोयरीसारखी वळलेली, पाय नाहीत. पण उन्हात धरली की डोक्यामागून शेपटापर्यंत बारीक खाचा दिसतात. मोजायला डोळे चांगले हवेत. माझे आता राहिले नाहीत.

गर्भ मात्र नको, दादा. राणी पोळ्यातल्या घराच्या तळाशी अंडं उभं चिकटवते आणि पुढच्या घराकडे जाते. गर्भ राहायचा कुणाच्या पोटात? अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं, मग अळी. राणी सापडली नाही आणि अंडी उभी दिसली, तर ती काल-परवापर्यंत पेटीत होती एवढं कळतं.

जीवशास्त्र शिकवणारी: पेर मलाही आवडला. पण उसाची पेरं शेवटपर्यंत वेगळी राहतात, माशीची नाही. अळीत छातीची ३ आणि पोटाची १० मोजता येतात. कोषात असताना पोटाचं पहिलं पेर चक्क छातीला जाऊन मिळतं आणि बारीक कंबर त्याच्या मागे पडते, पोटाच्या पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. ‘छाती आणि पोट यांच्यामधली कंबर’ हे आपण सगळेच लिहितो (मीही फळ्यावर कित्येक वर्षं लिहिलं), ते काटेकोरपणे चूकच. नांगीसुद्धा आठव्या-नवव्या पेराचीच करामत. मुळात तो अंडी घालायचा अवयव, म्हणून नराला नांगी नाही.

ही पेरं अंड्यातच आखली जातात, डोक्याकडून मागे. फळमाशीत डोक्याची बाजू ठरवणारं बायकॉइड नावाचं जनुक असतं. मधमाशीत ते नाहीच, दुसरी जनुकं ते काम करतात.

आता भ्रूण. शब्द ठेवा, पण ‘फलित अंड्यातला वाढता जीव’ ही व्याख्या देऊ नका. नर माशी अफलित अंड्यातून होते. हे झिएर्झोन या मधमाश्या पाळणाऱ्या पाद्र्यांनी १८४५ मध्ये मांडलं तेव्हा वादही झाला. मग नराला भ्रूणावस्था नव्हती म्हणायचं का? ‘अंड्यात घडणारा जीव’ पुरे.

भाषांतरकार: मग मजकुरात ‘पेर’, आकृतीत ‘खंड’, आणि ‘भ्रूण’ तसाच. पण मॅडम, ‘सेगमेंटेशन’चं काय? ‘खंडीभवन’ वाचून मुलं पान उलटतील.

जीवशास्त्र शिकवणारी: ‘पेरं पडणं’.

मधपाळ: आमच्याकडे ऊस कांड्यावर येतो म्हणतात. शिवाय पेर म्हणजे सांधा की दोन सांध्यांमधला भाग? घरात विचारलं तर बायको सांधा म्हणते, मी मधला भाग.

भाषांतरकार: मग तळटीप आलीच. ‘येथे पेर म्हणजे दोन खाचांमधला भाग.’ वहिनींना सांगू नका.